कर्ण्यावर कान्हाचं नाव

कर्णा पहिला

माणसाचं डोकं भिंतीवर आपटलं की दोन आवाज होतात. एक बाहेर, तो सगळ्यांना ऐकू येतो. दुसरा आत, तो ज्याचं डोकं त्यालाच.

सखूनं दोन्ही ऐकले होते. एकोणचाळीस वर्षांपूर्वी ती मोठ्या दिराला, रावसाहेबाला, एवढंच म्हणाली होती, "पोलिसात जाऊन इचारू का, भावजी?" रावसाहेबानं तिचा अंबाडा मुठीत धरला आणि चुलीमागच्या भिंतीवर तिला दोनदा आपटलं. तिसऱ्यांदा आपटायच्या आधी थांबून विचारलं, "आता जाशील?" ती नाही म्हणाली. तेव्हापासून तिचा डावा कान अर्धाच चालत होता.

म्हणून भाची निशिगंधा खारघरहून माइकांचा पेटारा घेऊन आली आणि म्हणाली, "आते, मला या भिंतींचे आवाज पाहिजेत," तेव्हा सखूला हसू आलं.

"भित नाय बोलत गो बाय. भितीवर आपटला का आपूनच बोलतो."

भिंती रेडिओखोलीच्या. घणसोली गावात चार चार मजली भाड्याच्या इमारतींमध्ये, दाढेत काहीतरी अडकावं तशी ही एकच कौलारू खोली उरली होती. एके काळी अख्खं गाव सांजेला तिच्या ओट्यावर बसायचं. आत बॅटरीवरचा रेडिओ आणि बोलायचा माइक, बाहेर कौलांवर पत्र्याचा कर्णा. बातम्या, भातपिकाचं काही, खाडीत जाणाऱ्यांना वाऱ्याचा इशारा. रेडिओ चालू असताना बोलायचं नाही, असा गावचा नेम. मूल रडलं तर आई उठून जाई. म्हातारा खोकला तर तोंडात फडकं कोंबून खोके.

रेडिओ लावायचं, बॅटरी भरून आणायचं काम सखूच्या नवऱ्याचं, कान्हाचं.

गौर आणायच्या आदल्या दिवशी सखू माहेरी गेली होती. चार दिवसांनी परत आली तर कान्हा नव्हता. रावसाहेब म्हणाला, बहरीनला गेला, दलाल आला नि पहाटेच घेऊन गेला. रेडिओखोलीला कुलूप लागलं होतं. पहिली दोन वर्षं पत्रं यायची. सखूला वाचता येत नव्हतं. रावसाहेब ओटीवर बसून कागद डोळ्यांसमोर धरून वाचायचा. 'सखूला सांग, दादाचं ऐकून रहा.' दर पत्राच्या शेवटी तेच. मग पत्रं थांबली.

तेव्हापासून सखू कपाळावर कुंकू लावून दिराच्या घरचा स्वयंपाक करत होती. हळदीला सवाष्ण म्हणून बोलावलं की जायची, आणि हळद कुटताना बायका एकमेकींकडे का बघतात हे तिला कळत नसे. तिला एकच पाहिजे होतं. तो आहे की नाही. जिता असला तर तोंडभर शिव्या द्यायच्या, मेला असला तर दहावं घालायचं. दोनांतलं कुठलंही एक.

कर्णा दुसरा

खोली उघडली ती रावसाहेब घरी नव्हता म्हणून. तो खारघरच्या इस्पितळात गुडघा बदलून घेत पडला होता. बहात्तर वर्षांचा माणूस, उजव्या गुडघ्यात नवीन लोखंड. किल्ली दिली त्याच्या मुलानं, हरेशनं. हरेश बिल्डर.

"काकी, तुझ्या भाचीला सांग, महिनाभर काय वाजवायचं ते वाजव. नो टेन्शन. बाजूच्या टॉवरमधली लोकं येतील, व्हिडिओ टाकतील. 'गावठाणाची श्रवणपरंपरा', असा बोर्ड लावतो. मे महिन्यात खोली पाडायची, तोवर मार्केटिंग फुकटात."

"बापाला इचारलास?"

"पप्पांना कशाला डिस्टर्ब? गुडघा बघतील का रेडिओ?"

निशिगंधानं आठ कर्णे करून घेतले, तळोज्याच्या एका शेडमधून, पत्र्याचे, जुन्यासारखे. सहा खोलीत, दोन बाहेर कौलांवर. प्रत्येकातून गावाचा एक एक आवाज येणार होता: जाळं झटकल्याचा, मिठागरावरच्या फळीचा, ओट्यावरच्या म्हाताऱ्यांच्या गप्पांचा. भिंतींना तिनं बटणाएवढे माइक चिकटवले. आत कोणी बोललं, चाललं, भिंतीला हात लावला, की तेही कर्ण्यातून बाहेर जाणार. पेटीवरचं लाल बटण दाबलं की भिंत चालू.

"म्हंजे आतला सगला बाहेर?" सखूनं विचारलं.

"सगलं," भाची तिची नक्कल करत म्हणाली.

आठव्या कर्ण्यासाठी तिला धवला पाहिजे होता. लग्नात मांडवाखाली गातात तो. गावात आता तो गाणारी एकच उरली होती, पुतळाबाई, वय चौऱ्याऐंशी, तोंडात एक दात.

"मांडव नाय तर धवला नाय," पुतळा म्हणाली. "मशिनीपुढं मी गात नाय."

"आजी, मांडव घालते मी."

"लगीन कोनाचा?"

"रेडिओखोलीचं समज."

रेडिओखोलीसमोर चार बांबू रोवले, उंबराची फांदी बांधली. पुतळा मांडवाखाली बसली, पदर सारखा केला. मग तिनं विचारलं, "या घरचं पितर कोन? आधी त्यांना बोलवावा लागतो."

निशिगंधा माइकची उंची बघत होती. "ते मला कुठलं ठाऊक, आजी? या खोलीचे जे कोणी असतील ते घे."

पुतळा तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "तूच बोललीस हां, बाय. जे असतील ते."

आणि डोळे मिटून गायला लागली. भर दुपारी मांडवात दोघीच होत्या.

आता एक गोष्ट खारघरच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या निशिगंधाला ठाऊक नव्हती, आणि घणसोली गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. धवल्यात जित्या माणसाला नावानं बोलवत नाहीत. नवऱ्याची आई, नवरीचा मामा, असं नात्यानं बोलवतात. नावानं बोलवतात ते फक्त मेलेल्यांना. कारण मेलेला माणूस नातं विसरतो, त्याला नाव तेवढं ओळखू येतं.

तीन आठवडे निशिगंधा ते गाणं कापत होती, जोडत होती, एकावर एक चढवत होती. सूर, श्वास, त्या एका दातावर घासून येणारी हवा. सगळं तिनं बारीक ऐकलं. शब्द तेवढे ऐकले नाहीत.

कर्णा तिसरा

रविवार, सांजेचे पाच. चाचणी.

ओट्यावर म्हातारी माणसं येऊन बसली. चाळीस एक वर्षांनी बसली, पण जो तो आपल्या जुन्या जागेवर. नंदकुमार कौलांवर चढून शेवटची तार ओढत होता. तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, त्रेसष्ट वर्षांचा. पंधरा दिवस झाले, बोलावलं नसताना येऊन राबत होता आणि चहासुद्धा घेत नव्हता.

"नंद्या, कौला फोडू नको रं," बायजाबाई खालून ओरडली. "तुझ्या बापाची नाय ती."

"तुझ्या बापाची हायेत का?"

"माझा बाप असता तर तुला वर चढवलाच नसता. रेड्यासारखा वजन."

लोक हसले. निशिगंधानं हात वर केला. आणि जुना नेम कोणी सांगितला नसताना पाळला गेला. सगळे गप्प. सखू उजवा कान कर्ण्याकडे करून दारात बसली.

जाळं झटकलं. फळी घासली. मग कौलांवरच्या आठव्या कर्ण्यातून पुतळा:

*ये गो गावदेवी, मांडवान ये गो,*
*हलदीचा पयला मान तू घे गो.*
*नवऱ्याचे आये, मांडवान ये गो,*
*नवरीचे मामा, मांडवान ये रं.*
*ये रं हिरा, मांडवान ये रं,*
*अंगाचा पानी झटकून ये रं.*
*ये गो चांगुना, मांडवान ये गो,*
*अंगाचा ताप उतरून ये गो.*

हिरा खाडीत बुडाला होता. चांगुणा तापानं गेली होती. दोघंही बॅटरी वाहायला कान्हाला मदत करायची. ओट्यावर माना डोलल्या.

*ये रं कान्हा, मांडवान ये रं,*
*फुटका डोका बांधून ये रं.*

माना थांबल्या.

निशिगंधा तेवढी हसत होती. तिनं आतेकडे बघून अंगठा वर केला: काकांचं नाव आलं बघ. आणि गाणं फिरून फिरून येत होतं, कारण तिनं ते तसंच जोडलं होतं. ये रं कान्हा. फुटका डोका. ये रं कान्हा. फुटका डोका.

नंदकुमार शिडीवरून उतरला, चप्पल न घालता चालू लागला. मग दुसरा उठला. मग तिसरा. बायजाबाई उठताना सखूच्या खांद्याला हात लावून गेली. कोणी विचारलं नाही, हे काय गायली म्हातारी? कोणालाच नवल वाटलं नव्हतं. हे सखूच्या लक्षात आलं. ओट्यावरच्या एकाही माणसाला नवल वाटलं नव्हतं.

कर्णा चौथा

हरेश सातच्या आत आला. टाके चिघळल्यानं महिनाभर इस्पितळात राहून नुकत्याच घरी आलेल्या बापानं कर्ण्याचा आवाज खिडकीतून ऐकला होता. हरेशच्या हातात घण होता.

"मी काय बोललो होतो? फोटो काढा, व्हिडिओ काढा! माझ्या काकाचं मेलेल्यात नाव घ्यायला कोण बोललं?"

"दादा, गाणं आहे ते, मला..."

पहिला घण पहिल्या कर्ण्यावर. पत्रा आत गेला आणि आतून चिरकल्यासारखा आवाज आला, कारण भिंतीचे माइक चालू होते. घणाचा घाव भिंतीनं ऐकला आणि उरलेल्या सात कर्ण्यांनी सांगितला. हरेश दचकला. दचकल्याचा त्याला राग आला. दुसरा कर्णा. तिसरा. दर घावाला उरलेले कर्णे ओरडायचे, तो त्यांच्याकडे वळायचा. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला. निशिगंधा पेटी वाचवायला तिच्यावर आडवी पडली. त्यानं तिला केसांनी उचललं, बाजूला फेकलं, ती हातावर पडली आणि मनगट लाकूड मोडावं तसं मोडलं. तो आवाजही कर्ण्यांनी सांगितला.

सखू त्याच्या पाठीवर गेली. साठी उलटलेली बाई, याच पोराला अंगाखांद्यावर खेळवलेली. तिनं त्याच्या कानाला दात लावले आणि सोडले नाहीत. रक्त तिच्या हनुवटीवरून गळ्यात आलं. "काकी, सोड! सोड, तुझ्या आयला..." त्यानं कोपर मागं मारलं, तिच्या बरगडीत, पुन्हा, पुन्हा, आणि ती खाली पडताना त्यानं घण चौथ्या कर्ण्यावर उचलला आणि

कर्णा पाचवा

निशिगंधाला रिक्षात घालून सखूनं दवाखान्यात पाठवलं. तोंड धुतलं नाही. तशीच पुतळाच्या दारात गेली.

"कोनी सांगितला तुला?"

पुतळा सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. "बस."

"बसायला नाय आले. कोनी सांगितला?"

"कोन सांगल? डोल्यानी बघितला." म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "खोलीच्या मागं मी जवला वालत घातला होता. तो गोला करत होते. खिडकी उघडी. बातम्या चालू होत्या."

सखू माहेरी गेली त्याच सांजेला, बातम्यांच्या आधी, कान्हानं कर्ण्यावर स्वतःच बोलायला सुरुवात केली होती, हे तिला एकोणचाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. खाडीकडचं दोघा भावांचं शेत रावसाहेबानं परस्पर एका शेटजीला द्यायचं ठरवलं होतं. कान्हा सही देत नव्हता. घरात भांडून झालं होतं. म्हणून त्यानं गावासमोर, कर्ण्यावर, मोठ्या भावाचं नाव घेऊन सांगितलं: माझी सही नाय, शेत विकाय नाय, कोनी घेतला तर तो चोरीचा.

"अख्ख्या गावापुढं लाज काढली," पुतळा म्हणाली. "रावसाहेब ओट्यावरच बसला होता. उठला. आत गेला. दाराला आतून लावायचा अडसर होता ना, सागाचा, तो उचलला. कान्हा वाकून बातम्या लावत होता. पाठमोरा."

सखू उभीच होती.

"पयला घाव मानेवर. कान्हा खाली नाय पडला. वलला. बोलला, 'दादा?' मंग दुसरा डोक्यावर. तिसरा मी बघितला नाय, ऐकला. बॅटरी पडली, तिचा तेजाब जमिनीवर उकलला. नि रेडिओवरचा मानूस बोलतच होता गो. पावसाचा, वाऱ्याचा."

"नि ओट्यावरची मान्सा?"

"ऐकत होती."

"काय?"

"बातम्या."

सखूनं चौकटीला धरलं.

"दुसरे दिवशी तो माझे घरी आला. माझ्या बारक्याच्या मानेवर कोयता ठेवला. रगत आला, थोडाच, दोऱ्यासारखा. बोलला, 'पुतला, तुझा तोंड धवल्यापुरता उघडायचा. मांडवान गा. बाकी वक्ताला शिवून ठेव.'" म्हातारीनं मान वर केली. "एकोनचालीस वर्षं मी त्याचाच सबूद पालला. मांडवाचीच वाट बघत होते. त्या खोलीला मांडव कोन घालनार? तुझ्या भाचीनी घातला."

"कुठं टाकला त्याला?"

"ता मना नाय म्हाइत. ता त्यालाच म्हाइत."

कर्णा सहावा

सकाळी दहाला जेसीबी आला. रावसाहेबानंच बोलावला होता. मे महिन्याची वाट बघायला तो तयार नव्हता. गाडीतून आला, वॉकर धरून उतरला. हरेशच्या कानाला पट्टी. गल्लीत माणसं जमली होती, लांब लांब, खिडक्यांत, जिन्यांवर.

सखू रेडिओखोलीच्या दारात बसली होती.

"उठ, सखू. पाडायची हाय."

"पाडा ना, भावजी. त्याच्या आधी दोन मिन्टं आत या. बोलायचा हाय."

"हितंच बोल."

"हितं?" तिनं गल्लीभर नजर फिरवली. "सगल्यांपुढं? बोलू?"

त्यानंही बघितलं. मग वॉकर उचलत, टेकत, उचलत, टेकत आत आला. हरेश जेसीबीवाल्याशी बोलत होता. सखूनं दार लोटलं आणि फुटक्या कर्ण्याचा लोखंडी खांब दाराला आडवा लावला, दुसरा हाताशी ठेवला. सहा कर्णे चेपून जमिनीवर पडले होते. कौलांवरच्या दोघांपर्यंत मात्र हरेशचा घण पोचला नव्हता.

कोपऱ्यात, गोणपाटाखाली, निशिगंधाची पेटी शाबूत होती. सखूनं लाल बटण दाबलं.

"काय करतंस?"

"भित चालू करतंय," ती म्हणाली.

त्याला काहीच कळलं नाही. कर्ण्यांची तोंडं बाहेर गल्लीकडे होती.

कर्णा सातवा

"कान्हा कुठं हाय?"

"बहरीनला. कितींदा..."

"कान्हा कुठं हाय, भावजी?"

"बाई, तुझा डोका फिरला हाय. पत्रा वाचली ना मी तुला?"

"कागद कोरा होता का काय लिवलेला होता?"

"दार उघड. हरेश! ए हरे..."

(वॉकर पडल्याचा आवाज.)

"ओरडा. अजून ओरडा. मी बी ओरडले होते, चुलीमागं."

"सखू, हात लावू नको. गुडघा, गुडघ्याचे टाके..."

(लोखंड हाडावर. मग किंकाळी. ती कौलांवरून सुटली, समोरच्या टॉवरला लागून परत आली. सहाव्या मजल्यावर कोणीतरी गॅलरीत आलं.)

"कुठं हाय?"

"आय गं... आये गं... सखू, मी म्हातारा..."

"तो सत्तावीसचा होता. कुठं हाय?"

(पुन्हा. या वेळी आवाज ओला.)

(दारावर धडका. हरेश: "काकी! पप्पा! काकी, मारून टाकीन तुला!" दाराच्या धडका भिंतीनं ऐकल्या आणि कर्ण्यांनी गल्लीला सांगितल्या, हरेशचं ओरडणंही, म्हणून हरेशला स्वतःचाच आवाज डोक्यावरून ऐकू आला आणि तो थांबला. वर बघत राहिला.)

"मारला ना तुमी त्याला? अडसरानी?"

"त्यानी माझी लाज काढली... गावापुढं... धाकटा असून..."

"मारला का नाय?"

"मारला! मारला! तू काय करशील आता? मारला!"

"कुठं टाकला?"

"उघाडीत. बांधाच्या उघाडीत, खाडीचा पानी सोडतात तिथं, भरतीच्या आधी. दगड बांधून. आता तिथं काय नाय, भराव झाला, इमारती झाल्या. जा, शोध. जा."

(श्वास. दोघांचेही.)

"त्यानी तुमाला 'दादा' बोलला ना, दुसऱ्या घावाच्या आधी?"

(मग म्हाताऱ्या माणसाचं रडणं, नाकातून, पोरासारखं. मग तिसऱ्यांदा लोखंड.)

गल्लीत एकही माणूस बोलत नव्हता. कर्णा चालू होता.

कर्णा आठवा

पोलीस ठाण्यातल्या बाई तरुण होत्या. नाव वैजयंती, छातीवर पाटी होती. त्यांनी सखूला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली, आणि कागद ओढला.

नाव: सखू.

वय: एकसष्ट.

राहणार: घणसोली गाव.

"मारहाण तुम्ही केली?"

"मी केली. तीनदा मारला. लिवा."

"त्यांचा पाय तीन ठिकाणी मोडलाय. शुद्धीवर आहेत. जबाब देणार नाही म्हणतात. कर्ण्यावर जे बोलले, ते मारामुळे बोललो म्हणतात." वैजयंतीनं पेन खाली ठेवलं. "मावशी, माराखाली काढलेलं कोर्टात टिकत नाही. कळतंय का तुम्हाला?"

सखूला कळत होतं. बरगडीत कळ येत होती, श्वास अर्ध्यातून परत फिरत होता. एकोणचाळीस वर्षं कोणाचंच नाव कागदावर चढलं नव्हतं, आणि एका सकाळीत तिचं चढलं होतं.

"पतीचं नाव?"

"कान्हा."

"हयात?"

हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कोणीतरी सरळ विचारला होता. घरात नाही, हळदीत नाही, ओट्यावर नाही. तिनं तोंड उघडलं तेव्हा खालच्या दातावर हरेशचं रक्त वाळलेलं होतं.

"मयत," ती म्हणाली. "गौर आनायच्या आदल्या दिवशी. सांजचे वक्ताला. तेच लिवा आधी, माझा नंतर."

"लिहायला पुरावा लागतो. पुतळाबाईंनी घाव बघितला, बरं. पण देह? सत्तावीस वर्षांचा गडी, गावातून खाडीपर्यंत दीड मैल. एकटा माणूस उचलून नेईल? हे वकील पहिल्याच दिवशी विचारेल."

ते सखूनं खोलीत विचारलंच नव्हतं. तिनं कुठं विचारलं, कसं नाही.

बाहेरच्या बाकावर गावातली पाचसहा माणसं येऊन बसली होती. बायजाबाई, पुतळा, आणखी दोघं. त्यांच्यातून नंदकुमार उठला. अजून अनवाणी होता. दारात आला, चौकटीला टेकला, आणि सखूकडे न बघता, बाईंच्या टेबलावरच्या कागदाकडे बघत म्हणाला,

"एकटा नव्हता."

वैजयंतीनं मान वर केली. "तुम्ही कोण?"

"मी ओट्यावर होतो. चोविसाचा होतो तवा. रावसाहेब बाहेर आला नि बोलला, नंद्या, आत ये." तो खाकरला. "खांदं त्यानी धरलं. पाय मी धरले. बांधावर पोचलो तवा अजून धुगधुगी होती. मी त्याला सांगितला, दादा, जिता हाय. तो बोलला, तू दगड बांध."

ठाण्यात पंखा फिरत होता. बाकावर बायजाबाईनं पदर तोंडात कोंबला.

"मंग?" सखूनं विचारलं.

"मी बांधला."

सखू खुर्चीतून उठली. वैजयंती तिच्या आणि नंदकुमारच्या मध्ये आली, हात आडवा धरून. पण सखू त्याच्याकडे गेलीच नाही. ती टेबलाशी वाकली, कागदावरच्या रेघांवर बोट ठेवलं, वाचता येत नसताना ओळीवरून ओळीवर नेलं, आणि जिथं काही लिहिलेलं नव्हतं तिथं थांबवलं.

"हितं लिवा," ती म्हणाली. "याचा नाव. नि कान्हा बांधावर जिता होता, ता पन."